ओब्दुलियाने भरलेली पेटी

आमच्या मातान्सास शहरात नदी ओलांडली की जो चढ लागतो, त्या चढावर ओब्दुलियाचं घर होतं, आणि त्या घरातून कधी कुणी रिकामी वाटी घेऊन बाहेर पडलं नाही. आमच्याकडे हे काही सोपं नव्हतं. रेशनचा तांदूळ यायला उशीर व्हायचा, साबण कधी यायचा कधी यायचाच नाही, त्यामुळे सगळा चढ एकमेकांच्या दारात वाटी धरून उभा असायचा. आज मी तुझ्याकडून तेल नेलं, उद्या तू माझ्याकडून कॉफी ने. ओब्दुलिया मात्र यात कुठेच नाही. साखर संपली तर ती बिनसाखरेची कॉफी प्यायची आणि वर म्हणायची, "मला अशीच आवडते." कुणी आपणहून काही आणून दिलंच, तर दुसऱ्या दिवशी दुप्पट परत. शेवटी लोकांनी तिला काही द्यायचंच सोडून दिलं, कारण परतफेडीचं ओझं कोण उचलणार.

माज होता म्हणा हवं तर. होताच. पण तो कुठून आला तेही सांगायला हवं. ओब्दुलियाची आई एका मोठ्या घरी धुणंभांडी करायची आणि त्या घरच्या मुलीचे उतरलेले कपडे ओब्दुलियाला मिळायचे. एकदा रविवारी चर्चमध्ये, सगळे गुडघे टेकून शांत बसलेले असताना ती मुलगी मागे वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मम्मा, हा माझा फ्रॉक आहे." एवढंच. पुढे क्रांती झाली, मोठ्या घरांतली माणसं विमानात बसून अमेरिकेत मायामीला निघून गेली, त्या घरात आता बालवाडी भरते. पण तो फ्रॉक काही ओब्दुलियाच्या अंगावरून उतरला नाही.

नवरा रेल्वेत होता. एकदा दूर कामाग्वे शहरात गेला तो तिथलाच झाला. ओब्दुलियाने त्याच्यामागे ना पत्र धाडलं ना माणूस. ती सरकारी लाँड्रीत इस्त्रीच्या टेबलाशी उभी राहायची, दंड पुरुषासारखे झाले होते, आणि तिने इस्त्री केलेल्या चादरीची घडी पाहून दवाखान्यातले डॉक्टरसुद्धा म्हणायचे, ही ओब्दुलियाचीच. एकुलती एक मुलगी दामारिस. बारीक, लांब पायांची, शांत. आईचा सगळा जीव तिच्यात, पण हे ओब्दुलिया तिला कधी तोंडाने सांगायची नाही. तिचे मोजे इस्त्री करायची, त्यावरून समजून घ्यायचं.

दामारिस सातवीत गेली त्या वर्षीची ही गोष्ट. सातवीपासून मुलांना शाळेबरोबर शेतावर जावं लागायचं. दीड महिना घर सोडून संत्र्याच्या बागेत, पत्र्याच्या लांबलचक बराकीत राहायचं. सकाळी संत्री तोडायची, दुपारी अभ्यास, संध्याकाळी रांग लावून बादलीने आंघोळ. रविवारी आईबापांनी डबे घेऊन भेटायला जायचं. पोरांना त्याची भारी हौस आणि आयांना तेवढीच धास्ती. कारण पहिल्या रविवारी काही पोरं हमखास आईच्या गळ्यात पडायची आणि सामानासकट घरी यायची. त्यांना मग शाळा संपेपर्यंत 'पळपुटे' म्हणायचे, आणि त्यांच्या आया चढावरून खाली मान घालून जायच्या.

शेतावर जायचं तर लाकडी पेटी हवीच. पिशवीत उंदीर शिरतात आणि उंदरांच्या आधी पोरांचे हात शिरतात. बराकीतल्या खाऊच्या चोरीला कुणी चोरी म्हणत नसे, पण खाऊ संपायचा तो संपायचाच. म्हणून प्रत्येक बाप आपल्या पोराला पेटी करून द्यायचा, कडीकुलपासकट. डिसेंबर लागला की चढभर ठोकाठोक सुरू व्हायची.

ओब्दुलियाच्या शेजारी सेवेरो राहायचा. जुना सुतार, आता पेन्शनवर. त्याने कुंपणावर कोपर टेकून विचारलं, "शेजारीणबाई, पोरीची पेटी मी करून देतो. फळ्या पडल्यात माझ्याकडे."

"आणि बदल्यात मी काय द्यायचं?"

"काही नको हो."

"मग पेटीही नको."

सेवेरोने डोकं खाजवलं. "बरं, मग माझे डझनभर शर्ट इस्त्री करून द्या."

"तुमच्याकडे दोनच शर्ट आहेत, सेवेरो. बाकीचे काय शिवायला टाकणार?"

आणि तिने स्वतः पेटी करायला घेतली. लाँड्रीत सोड्याची खोकी यायची, त्यांच्या फळ्या तिने लाँड्रीच्या मॅनेजरला सांगून, तीन संध्याकाळी जादा काम करून घेतल्या. हातोडा तिचाच होता. करवतही तिने आपलीच जुनी काढून घासली. विचारलं कुणालाच नाही. फक्त सेवेरो अंगणात दुसऱ्यांच्या पेट्या करायचा, तेव्हा तिला नेमकं त्याच वेळी कुंपणाजवळचे कपडे वाळत घालायचे असायचे. सेवेरोही कमी नव्हता. कोपरा जुळवताना तो मुद्दाम सावकाश जुळवायचा आणि स्वतःशीच मोठ्याने बोलायचा, "आता इथे खिळा तिरका मारायचा, म्हणजे धरतो." एक पेटी करून झाली की पलीकडून तसाच तिरका खिळा ठोकल्याचा आवाज यायचा.

पहिली पेटी लंगडी झाली. ती चुलीत गेली. दुसरी झाली ती मात्र अशी झाली की सेवेरो कुंपण ओलांडून आला आणि तिच्यावर उभाच राहिला. कोपऱ्यांना तेलाच्या डब्याच्या पत्र्याच्या पट्ट्या, तळाला दुहेरी फळी, झाकण घट्ट बसणारं.

"बिजागऱ्या दिसत नाहीत," तो म्हणाला.

"आतून लावल्यात. बाहेरून लावल्या तर कुणीही स्क्रू काढेल."

"आणि तुम्हालाच कधी काढायची वेळ आली तर?"

"मला कशाला काढायला लागतायत? किल्ली असेल की माझ्याकडे."

कुलूप तिने जुन्या कोळशाच्या वखारीतलं मिळवलं, महिनाभराची कॉफी देऊन. हाताच्या पंजाएवढं, काळं, लोखंडी. महिनाभर ती कॉफी न पिता कामावर गेली आणि लाँड्रीतल्या बायका तिच्यापासून जरा लांबच उभ्या राहिल्या.

मग पेटी भरायला घेतली. तो एक सोहळाच होता. ओब्दुलियाने ठरवलंच होतं की दीड महिन्यात आपल्या मुलीला सुईसुद्धा कुणाकडे मागावी लागता कामा नये. त्यामुळे सुया आल्या, तीन रंगांचा दोरा आला, बटणं आली. पूर्ण बाह्यांचे दोन शर्ट, कोपरांना ठिगळ लावून, पण ठिगळसुद्धा असं की नवीन वाटावं. चादर, तिला लाल दोऱ्याने नाव. घोंगडी, तिलाही नाव. मच्छरदाणी, गवती टोपी, पत्र्याचा मग, ताटली, चमचा. चमच्याच्या दांड्यावर तिने खिळ्याने 'दा' कोरला. न्हाणीसाठी लाकडी सपाता. साबणाचे तुकडे वितळवून केलेली एक मोठी वडी. भाजलेल्या गव्हाचं पीठ साखर घालून डब्यात. उन्हात वाळवून भाजलेला पाव. पेरूची वडी, तेलकट कागदात.

आणि आटवलेलं दूध. गोड घट्ट दुधाचा डबा बंद असतानाच प्रेशर कुकरमध्ये शिजवायचा, म्हणजे आतलं दूध खव्यासारखं तपकिरी होतं आणि दीड महिना टिकतं. हे आमच्याकडे प्रत्येक आई करते आणि प्रत्येक आईचा एक तरी डबा फुटतो. ओब्दुलियाचा फुटला तेव्हा सेवेरोला वाटलं अमेरिकनांनी पुन्हा हल्ला केला. तो धावत आला. ओब्दुलिया स्टुलावर चढून चाकूने छतावरचं दूध खरवडत होती.

"थोडी मदत..."

"नको," ती वरूनच म्हणाली. "मी करतेय ना."

दामारिस पेटीशेजारी बसून हे सगळं बघायची. एकदा ती म्हणाली, "आई, इतकं कशाला? तिथे सगळ्याजणी एकमेकींचं वापरतात. आठवीतल्या मुली सांगत होत्या."

"त्या वापरोत."

"कुणी माझा चमचा मागितला तर?"

"द्यायचा. धुऊन परत घ्यायचा."

"आणि मला काही लागलं तर?"

ओब्दुलियाने घडी घालता घालता हात थांबवला. "तुला काही लागणारच नाही. त्याच्यासाठीच तर मी हे भरतेय." मग जरा हळू म्हणाली, "घालायचं ते आपलं घालायचं, दामारिस. मग मान वर राहते."

निघायच्या दिवशी शाळेपुढे ही गर्दी. बसगाड्या उभ्या, बापलोक पेट्या टपावर चढवतायत, बादल्या खणखणतायत, आया नाकं पुसतायत. ओब्दुलियाची पेटी उचलायला दोन बाप आले, त्यांनी खाली वाकून पुन्हा सरळ होऊन तिसऱ्याला हाक मारली. "कॉम्रेड बाई, हिच्यात काय आजोबांना घातलंय की काय?" एकजण म्हणाला. ओब्दुलियाची छाती अभिमानाने फुगली. रांगेत इतक्या पेट्या होत्या, त्यात कुणाची फळी उकललेली, कुणाची दोरीने आवळलेली. तिची पेटी टपावर सगळ्यांत खाली ठेवली, बाकीच्यांना आधार म्हणून.

किल्ली तिने फितीत ओवून स्वतःच्या गळ्यात घातली होती. गर्दीत पोरीने हरवू नये म्हणून अगदी शेवटच्या क्षणी द्यायची, आणि देताना दोन शब्द सांगायचे, असा तिचा बेत. ते दोन शब्द ती रात्रभर जुळवत होती. मग बसने एकदम हॉर्न दिला, दामारिस खिडकीत दिसली, ओब्दुलियाने हात वर केला, आणि आपल्या डोळ्यांतून पाणी येऊ द्यायचं नाही यातच तिचं सगळं लक्ष गेलं. आलंही नाही. आसपासच्या सगळ्या आया रडत होत्या आणि ती एकटी ताठ उभी होती. याचंच कौतुक करत ती चालत कामावर गेली.

इस्त्रीच्या टेबलावर वाकली, वाफ वर आली, आणि छातीवर काहीतरी चटकन भाजलं. तिने ब्लाउजमध्ये हात घातला. किल्ली.

इस्त्रीखालची चादर पिवळी पडली तरी ती तशीच उभी होती.

शाळेत गेली तर शाळेला कुलूप, मास्तर सगळे शेतावर. शिबिरात फोन नाही. बस मोठ्या फाट्यापर्यंत जायची, पुढे बागांमधून कसं जायचं ते ड्रायव्हरलाही माहीत नव्हतं, आणि लाँड्रीतून सुट्टी रविवारशिवाय नव्हती. संध्याकाळी ती अंगणात येऊन बसली. सेवेरोने कुंपणापलीकडून किल्ली बघितली आणि त्याला सगळं समजलं.

"तोडतील कुलूप," तो म्हणाला. "मुलं असली तरी हात आहेत की."

"तोडून दाखवू देत," ओब्दुलिया फणकारली. आणि लगेच तिचा चेहरा उतरला. तिची खरी पंचाईत हीच होती. पेटी तुटली तर सगळा खाऊ, सगळे कपडे बराकभर होणार. नाही तुटली तर तिची मुलगी या थंडीत दुसऱ्यांची चादर मागणार, दुसऱ्यांचा शर्ट घालणार. रोज रात्री डोळे मिटले की तिला कुणीतरी मागे वळून म्हणताना ऐकू यायचं, हा माझा आहे.

शनिवारी तिने सेवेरोला सांगून टाकलं, "उद्या जाते आणि तिला घरी घेऊन येते."

"पळपुटी म्हणतील तिला."

"म्हणू देत. भिकारी म्हणण्यापेक्षा बरं."

रविवारी पहाटे पालकांसाठी एक उघडा ट्रक निघाला. ओब्दुलियाच्या मांडीवर पातेलं, त्यात काळ्या घेवड्याचा भात आणि लसणाच्या तेलातले कसावा कंदाचे तुकडे. शेजारी एक लठ्ठ, बडबडी बाई बसली होती, नदीकाठच्या वस्तीतली, सोइला नावाची. पाच पोरं, त्यातली एक शेतावर. तिने थर्मास उघडून कॉफीचा कप पुढे केला.

"घ्या हो. हाडं गोठायला लागलीत."

"मी पिऊन आलेय," ओब्दुलिया म्हणाली. ती प्यायली नव्हती.

शिबिराच्या फाटकातच एक माणूस उभा होता. पोट सुटलेला, पांढरा एप्रन, खांद्यावर कलथा. बायका उतरत होत्या आणि तो प्रत्येकीला विचारत होता, "पेटीवाल्या बाई तुम्हीच का?"

ओब्दुलियाने पातेलं कमरेवर घेतलं. "कुठली पेटी?"

"म्हणजे तुम्हीच." त्याने कलथा काखेत धरून तिचा हात हातात घेतला आणि गदागदा हलवला. "मी इथला स्वयंपाकी. बाई, मी तुरुंगाच्या मुदपाकखान्यात काम केलंय, पण असली पेटी पाहिली नाही."

मग चालता चालता त्याने सांगितलं, आणि सांगायला घेतल्यावर आजूबाजूने आणखी पोरं जमली, प्रत्येकाला काहीतरी जोडायचं होतं. पहिल्या संध्याकाळी मुलींनी दगडाने कुलूप ठोकलं. दगड फुटला. मग नववीतली दांडगी पोरं आली, त्यांनी स्क्रू शोधले, स्क्रूच नाहीत. गणिताचे ओरेस्तेस मास्तर आले, त्यांनी फळ्यावर आकृती काढून तरफेचा नियम समजावला, पहार लावली आणि पहार वाकवून घेतली. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरवाला आला. तो म्हणाला, ही तर दोन मिनिटांची गोष्ट. ट्रॅक्टरवाल्याच्या अंगठ्याला अजून पट्टी आहे. रोज जेवणानंतर कोण ना कोण नशीब आजमावायला येतं, आणि पोरं भोवती बसून हसतात.

"शेवटी मी कुऱ्हाड आणली," स्वयंपाकी म्हणाला. "सरपणाची. म्हटलं, पोरीचे हाल नकोत. तर तुमची मुलगी जाऊन पेटीवर बसली. म्हणाली, माझ्या आईने स्वतः केलीय. कुऱ्हाड घातलीत तर ही पेटी नाही राहणार, नुसती लाकडं राहतील. आधी मला उचला. मग काय, कोण उचलणार."

ओब्दुलियाला हसू येत होतं आणि ते तिने आवरलं, कारण समोरून दामारिस येत होती.

दामारिसच्या अंगात कुणाचा तरी निळा शर्ट होता, खांद्यांवरून ओघळणारा. डोक्यावर कुणाची तरी टोपी. पँट दोरीने बांधलेली. हातात लाल मग, तोही घरचा नाही. चेहरा उन्हाने रापलेला आणि ती धावत येत होती. ओब्दुलियाचे कान तापले. सगळं शिबिर बघतंय असं तिला वाटलं. मुलीला जवळ घ्यायच्या आधीच ती म्हणाली, "चल. पेटी घे. आपण घरी जातोय."

"का?"

"का म्हणजे? अंगावर एक चिंधी तुझी नाही."

"बूट माझे आहेत," दामारिस म्हणाली.

"मागून घातलंस हे सगळं."

"हो, मागून."

"आणि ज्यांचं आहे ते काय म्हणतात? म्हणतात ना, हा माझा शर्ट म्हणून?"

"रोज म्हणतात," दामारिस म्हणाली आणि हसली. "ग्रिसेल रोज सकाळी ओरडते, माझ्या शर्टाचं बटण तोडशील गाढवे, नीट घाल. मी म्हणते, तुटलं तर तूच लाव, सुया माझ्या पेटीत आहेत."

दामारिसने आईच्या हातातलं पातेलं घेतलं आणि खाली ठेवलं.

"आई, पहिल्या रात्री मी रडले. खरं सांगते. पेटीसाठी नाही रडले. मला मागताच येईना. ग्रिसेल शेजारच्या खाटेवर, तिने विचारलं, चादर हवी का. तर मी काय म्हणाले माहितीये? म्हणाले, मला अशीच झोप येते." ती थांबली. "माझे दात इतके वाजायला लागले की तिलाच झोप येईना. शेवटी उठली, मला हाताला धरून ओढलं आणि आपल्या चादरीत घेतलं. तिची एकच चादर आहे. दुसरी नाहीच आहे तिच्याकडे."

मला अशीच झोप येते. हे वाक्य ओब्दुलियाने पेटीत घातलं नव्हतं, तरी ते मुलीबरोबर आलं होतं. आणि ते पोरीने एका रात्रीत टाकून दिलं होतं, जे तिला स्वतःला आयुष्यभर जमलं नव्हतं.

"मी घरी येणार नाहीये," दामारिस म्हणाली. आवाज चढवला नाही, पण मान अगदी वर होती. "आमच्या तुकडीने मला पुढारी केलंय. उद्या संत्र्यांची नवी ओळ घ्यायचीय."

आईला मुलीचा भारी अभिमान वाटला. "पेटी कुठेय?" तिने विचारलं.

पेटी बराकीच्या मध्यभागी होती. भोवती सगळं शिबिर गोळा झालं, ट्रॅक्टरवाला पट्टीच्या अंगठ्यासकट पुढे. ओब्दुलियाने गळ्यातली फीत काढली, किल्ली फिरवली आणि कुलूप टक् करून उघडलं. पत्र्याचं छप्पर हादरेल अशा टाळ्या पडल्या. ओरेस्तेस मास्तरांनी वाकून आतल्या बिजागऱ्या पाहिल्या आणि डोक्यावरची टोपी काढली.

ओब्दुलियाला वाटलं होतं, मुलगी आता आधी कपडे बदलेल. दामारिसने नावाची घोंगडी काढली आणि ग्रिसेलच्या खाटेवर टाकली. मग डबे निघाले, चमचे निघाले, आटवलेल्या दुधाभोवती पोरींचा घोळका झाला. निळा शर्ट तिच्या अंगात तसाच होता. ग्रिसेल म्हणजे एक ठेंगणी, गुबगुबीत, पुढचा दात पडलेली पोर, ती तोंडभर पेरूची वडी घेऊन ओब्दुलियासमोर आली.

"हा शर्ट तुझा?" ओब्दुलियाने विचारलं.

"हो काकू. पण तिला जास्त शोभतो."

ओब्दुलियाने तिला जवळ ओढलं आणि इतकं घट्ट धरलं की पोर वडी गिळायची थांबली. "तू कुणाची गं?"

"मी सोइलाची," ती म्हणाली आणि दारात कुणाशी तरी तावातावाने बोलणाऱ्या त्या लठ्ठ बाईकडे बोट दाखवलं.

दिवस कसा गेला कळलं नाही. ओब्दुलियाच्या पातेल्यातलं दहाजणांनी खाल्लं आणि तिने कुणालाही 'पुरे' म्हटलं नाही. ट्रकचा हॉर्न वाजला तेव्हा पत्र्याच्या बराकीवर सावल्या लांब झाल्या होत्या आणि वारा सुटला होता. ग्रिसेल पातळ बनियनवर उभी होती, कारण शर्ट तर दामारिसच्या अंगात. ओब्दुलियाने आपला लोकरीचा स्वेटर काढला आणि तिच्या डोक्यातून खाली ओढला. "परत द्यायचा नाही," तिने दम दिला. दामारिसच्या गालाची पापी घेताना ते जुळवून ठेवलेले दोन शब्द तिला आठवले, पण आता ते कामाचे राहिले नव्हते. तिने मुलीच्या शर्टाची कॉलर सरळ केली आणि ट्रकवर चढली.

परतीच्या वाटेवर ट्रकमध्ये बायका एकच बोलत होत्या, आपापल्या पोरांचं. कुणी तरी हाक मारली, "अहो पेटीवाल्या बाई, पेटी करायला कुठे शिकलात?"

"पेटीचं राहू द्या," ओब्दुलिया म्हणाली. "माझ्या मुलीचं सांगते." आणि जी बाई घरातली गोष्ट कधी उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायची नाही, तिने भर ट्रकमध्ये, इंजिनाच्या वरताण आवाजात सगळं सांगितलं. कुऱ्हाड, एकच चादर, तुकडीचं पुढारीपण, काही सोडलं नाही. सांगताना तिचा आवाज दोनदा फुटला आणि तिने तो फुटू दिला.

ट्रक बागांतून मोकळ्या रस्त्याला लागला तसा वारा अंगाला झोंबू लागला. ओब्दुलियाने हात काखेत घातले, गुडघे आवळले. शेजारी सोइला मोठ्या, जाडजूड शालीत गुरफटून पलीकडच्या बाईला आपल्या थोरल्याच्या लग्नाचं सांगत होती. ओब्दुलियाने एकदा तिच्याकडे बघितलं, मग रस्त्याकडे बघितलं, आणि बराच वेळ रस्त्याकडेच बघत राहिली. मग तिने सोइलाच्या दंडाला हात लावला.

"सोइला, मला थंडी वाजतेय. तुझ्या शालीत घेतेस का मला?"

सोइलाने लग्नाचं सांगणं न थांबवता शालीचं टोक उचललं आणि सरकून तिला जागा करून दिली.